बंदरावरची वही: होड्या काढायच्या कशा आणि लिहायच्या कशा

नोकरीभर मुंबईत जहाजांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. निवृत्तीनंतर विजयदुर्गच्या खाडीकाठी राहायला आलो आणि आता बहुतेक सकाळी जेट्टीवर वही उघडून बसलेला असतो. लोक दोन प्रश्न विचारतात. एक, "हे विकता का?" आणि दुसरा, बहुधा तरुण मुलंमुली विचारतात तो, "आम्हालाही असं करायचंय, सुरुवात कुठून करू?" पहिल्याचं उत्तर शेवटाकडे देतो. हा लेख दुसऱ्यासाठी.

समुद्राची चित्रं कशी काढावीत हे मी सांगणार नाही. मावळता सूर्य, वाकलेला माड आणि एकटी होडी यांची कॅलेंडरं भरपूर निघाली आहेत. मी बोलतोय ते एखाद्या खऱ्या होडीबद्दल, जिला मालक आहे, नाव आहे, आणि जी पुढच्या वर्षी कदाचित फोडून जळणात जाईल. तिचं चित्र आणि तिची हकीकत एकाच पानावर कशी आणायची, एवढाच विषय.

दोन चित्रकार

अजिंठ्याच्या 2 क्रमांकाच्या लेण्यात एक जहाज रंगवलेलं आहे. तीन डोलकाठ्या, उंच शिडं, मागे सुकाणूची वल्ही, आत ओळीनं ठेवलेले रांजण. या चित्रावरून भारतीय नौदलानं आपल्या काळात खरं जहाज बांधून घेतलं, आयएनएसव्ही कौंडिण्य. 12 सप्टेंबर 2023 ला त्याचा कणा घातला गेला. केरळच्या बाबू शंकरन यांच्या कारागिरांनी गोव्यात त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरानं शिवल्या, आणि 21 मे 2025 ला कारवारला ते नौदलात दाखल झालं. पण मधल्या काळात किती डोकेफोड! चित्रात लांबी नाही, रुंदी नाही, पाण्याखालचा भाग तर दिसतच नाही. सगळं अंदाजानं आणि गणितानं बसवावं लागलं, आयआयटी मद्रासमध्ये छोटी प्रतिकृती पाण्यात घालून तपासावी लागली. चित्रकाराला दोष देत नाही, बिचारा लेणं रंगवत होता. पण कोपऱ्यात त्यानं "लांबी इतके हात" एवढं खरडलं असतं तर!

दुसरा माणूस फ्रांस्वा-एदमाँ पारी (1806–1893). फ्रेंच नौदलातला अधिकारी, पुढे ॲडमिरल झाला. तरुणपणी तीन वेळा जगप्रदक्षिणेच्या जहाजांवर होता, आणि बंदर लागलं की तिथल्या लोकांच्या होड्या मोजून त्यांचे आराखडे काढायचा. 1840 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं युरोपाबाहेरच्या लोकांच्या नौकाबांधणीवर मोठा सचित्र ग्रंथ काढला. त्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची फतेमारी, म्हणजे शिडाचं मालवाहू जहाज, हीसुद्धा आहे. पुढे एका जहाजाच्या वाफेच्या यंत्रात सापडून त्याचा डावा हात गेला, तरी काम चालूच राहिलं. 1871 पासून तो लूव्रमधल्या नौदल संग्रहालयाचा प्रमुख होता आणि तिथे त्यानं आपल्याच आराखड्यांवरून होड्यांच्या प्रतिकृती करून घेतल्या. त्या होऊ शकल्या, कारण शेजारी आकडे लिहिलेले होते.

पारीचं चित्र अजिंठ्यापुढे रुक्ष आहे, मान्य. पण मला तुम्हाला पारीच्या वाटेनं न्यायचंय. चित्राशेजारी माप लिहायचं, भागाचं नाव लिहायचं, आणि तो भाग तसा का आहे ते लिहायचं. कारण कळल्याशिवाय मारलेली रेघ कितीही सफाईदार असली तरी पोकळ असते, आणि ती पोकळ आहे हे जेट्टीवरच्या कोणत्याही खलाशाला दुरून दिसतं.

सामान

शिवलेल्या बांधणीची वही, हातात मावेल एवढी, कागद जाड. 2बी पेन्सिल. पाण्यात न विरघळणाऱ्या शाईचं पेन. जलरंगाची छोटी डबी, आणि घरून आणलेलं गोडं पाणी. समुद्राच्या पाण्यात ब्रश बुडवून रंगवण्याची हौस करू नका, मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं आणि पान चिकट होतं. मापासाठी टेप, सुतळी, ओळंबा, खडू, आणि सोल्डरिंगची जाड तार हातभर. ही तार कशाला ते पुढे येईल.

छत्री नको. वाऱ्यात एक हात छत्रीत अडकतो. टोपी घाला.

कधी जायचं

यासाठी पंचांग लागतं. आमच्याकडे जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणनं गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची साधारण वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा ते बारा. दिवसा आणि रात्री, दोन्ही वेळा. त्यात सहा तास आणि थोडी मिनिटं मिळवली की ओहोटीचा तळ. बंदराप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, पण वही घेऊन निघायला एवढं पुरतं.

तुम्हाला हवी ओहोटी. पाणी उतरलं की खाडीतल्या होड्या चिखलात बसतात आणि त्यांचं पोट दिसतं. भरतीला फक्त काठ दिसतो, आणि अर्धी होडी काढून आपण समजतो की झालं. उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या, दिवसांत हा फरक जास्त. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं, दक्षिणेला मालवणकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत पाणी फारसं हलत नाही. तेव्हा तरंगत्या होड्या काढाव्यात, त्या तासभर एकाच उंचीवर राहतात.

खरा हंगाम मात्र पावसाळा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, माणसं मोकळी असतात, कुठे जाळी विणत बसलेली, कुठे गप्पा मारत. शाकारण्याच्या आधीचे चार दिवस आणि नारळी पौर्णिमेच्या आधीची डागडुजी, या दोन वेळा चुकवू नका. तेव्हा होडीच्या आतलं सगळं उघडं असतं.

मुंबईत राहत असाल तर ससून डॉक आहे, 1875 सालापासूनचा. पहाटे जा, कॅमेरा काढण्याआधी गेटवर विचारा. आणि गर्दीत चित्र काढायची भीड वाटत असेल तर आधी बोरिवलीजवळ एकसरला जा. तिथल्या वीरगळांवर समुद्रावरची लढाई कोरली आहे, वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजं. दगडातली होडी हलत नाही, कोणी येऊन ती घेऊन जात नाही. कोरणाऱ्यानं काय ठेवलं आणि काय गाळलं ते बघत बसा. वल्ही त्यानं एकेक करून कोरली आहेत, सोडून दिलेली नाहीत.

नौदलाची हद्द, तटरक्षक दलाच्या नौका, त्यांच्या आसपासच्या इमारती: वही बंद. यावर वाद घालू नये.

विचारणं

मासळी उतरते आहे, लिलाव चालला आहे, अशा वेळी कोणाला प्रश्न विचारला तर शिवी मिळेल आणि ती रास्त असेल. लिलाव संपून बर्फाच्या पेट्या टेम्पोत गेल्या की चहाची वेळ होते. तेव्हा जायचं. "तांडेल, इथं बसू काय?" एवढं पुरतं. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. वयानं मोठा असेल तर काका, नाना. टोपलीवाल्या बाईला मावशी. होडीत चढायचं तर विचारून आणि चपला काढून.

मग वही सगळ्यांना दिसेल अशी धरा. लपवून काढणाऱ्याचा संशय येतो, सरकारी माणूस आहे की काय म्हणून. उघडी वही असली की पाच मिनिटांत कोणीतरी खांद्यावरून वाकतो. "ह्या काय काढतास? नाळ अशी उभी नसता." झालं, तुमची शाळा सुरू झाली. पेन्सिल त्याच्या हातात द्या. काढ म्हणावं. बहुतेक जण लाजतात, पण एखादा घेतो आणि पानाच्या कडेला एका झटक्यात नाळेचा, म्हणजे होडीच्या पुढच्या उभ्या टोकाचा, बाक ओढतो. तो बाक खोडू नका, त्याखाली तारीख घाला.

"हे काय?" असं विचारलं की नाव मिळतं. "हे इथंच का?" असं विचारलं की हकीकत मिळते. जुन्या शिडाच्या गलबतांत डोलकाठी पुढे झुकलेली असे. शहरातले चित्रकार ती सरळ करून टाकतात, त्यांना ती वाकडी वाटते. पण शिडाचं परभाण, म्हणजे शीड ज्याला बांधतात तो वासा, लांब आणि जड. काठी पुढे झुकलेली असली की ते तिच्यापासून मोकळं लोंबतं आणि हाताळायला सोपं जातं. हे एकदा ऐकल्यावर हात आपोआप काठी झुकवतो. आमच्याकडे उलांडीची होडी अजून दिसते. उलांडी म्हणजे तोल राखायला होडीच्या एका बाजूला जोडलेलं तरतं लाकूड. उलांडी कोणत्या बाजूला आहे, जाळं कोणत्या बाजूनं सोडतात, आणि या दोन गोष्टींचा संबंध काय, हे प्रत्येक गावात नव्यानं विचारा.

मोजणं

वर ओढलेली होडी असेल तर मोजायचं असं. नाळीच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत सुतळी ताणून बांधा. ती सैल पडता कामा नये, मध्ये झोळ आला की पुढचं सगळं फुकट. सुतळीवर दर दोन फुटांनी खडूची खूण. प्रत्येक खुणेवरून ओळंबा सोडून दोन आकडे घ्या: होडीचा काठ सुतळीच्या किती खाली आहे, आणि आतला तळ किती खाली आहे. मग त्याच खुणेवरून आडवं, सुतळीपासून काठापर्यंत. तीन रकाने होतात. घरी जाऊन ते आलेखाच्या कागदावर मांडले की होडी उभी राहते, तुमचा हात कितीही कच्चा असो.

कारखान्यात आम्ही एकच बाजू काढायचो, दुसरी तिची सावली. इथे तसं करू नका. हातानं बांधलेल्या होडीच्या दोन बाजूंत दोन बोटांचा फरक निघतो आणि तो फरक पानावर यायला हवा. कधी लाकडाच्या गाठीमुळे असतो, कधी मुद्दाम ठेवलेला असतो. सुताराला विचारलं तर तो हसतो, पण सांगतो.

आता ती तार. होडीच्या पोटाचा बाहेरचा बाक आकड्यात पकडणं कटकटीचं असतं. सोल्डरिंगची तार मऊ असते, दाबली की आकार धरून ठेवते. ती काठापासून कण्यापर्यंत पोटावर दाबून बसवा, हलक्या हातानं उचला, वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिल फिरवा. नाळीजवळ एक, मध्यावर एक, मागे एक, असे तीन बाक पुरेत. मोठ्या होडीला तार पुरत नाही, तेव्हा दोन तुकड्यांत घ्या आणि जोडावर खूण करा.

पाण्यातल्या होडीला टेप लावता येत नाही. ती धक्क्याला लागलेली असेल तर धक्क्यावरून पावलांनी मोजा. दोराची लांबी, पाण्याची खोली कोळी वावेत सांगतात. दोन्ही हात पसरले की एक वाव, म्हणजे साधारण तुमच्याच उंचीएवढी. आपली वाव एकदा भिंतीला लागून मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पाऊल आणि वीतसुद्धा.

लाकूड, जोड आणि लेप लिहायला विसरू नका. आंब्याचं खोड पोखरून केलेली होडी वेगळी, फळ्यांची वेगळी. सिंधुदुर्ग आणि गोव्यात रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, होड्यांच्या फळ्या काथ्यानं शिवत. खिळ्यांऐवजी टाके दिसले तर दोन टाक्यांमधलं अंतर मोजा. फायबरची होडी आली म्हणून नाक मुरडू नका. तिचाही आकार कोणत्या तरी लाकडी होडीवरून साचा घेऊन आलेला असतो. कोणत्या, ते शोधा.

रेघ

माप झाल्यावर चित्र. समोरून तिरकी दिसणारी होडी सगळ्यांना अवघड जाते. युक्ती जुनी आहे: कागदावर लांबट, चपटा, आडवा 8 काढा, इंग्रजी आठ, जवळचा फुगा मोठा आणि लांबचा लहान. होडीचे दोन्ही काठ त्यातच लपलेले असतात. एका टोकाला नाळीची रेघ खाली सोडा, पोट जोडा, नको त्या रेघा खोडा.

क्षितिज आधी मारायचं. ते तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर असतं, उभे असाल तर उभ्या उंचीवर, बसलात की ते तुमच्याबरोबर खाली येतं. सपाट धक्क्यावर तुम्ही उभे असाल तर तुमच्याच उंचीच्या माणसाचे डोळे, तो जवळ असो की लांब, क्षितिजाच्या रेघेवर येतात. एवढं सांभाळलं तर माणसं हवेत तरंगत नाहीत.

नांगरलेल्या होड्या वाऱ्याकडे किंवा पाण्याच्या ओढीकडे तोंड करून उभ्या असतात, सगळ्या एकीकडे. चित्राच्या सोयीसाठी एखादी उलटी फिरवलीत की बघणाऱ्या कोळ्याला पहिल्यांदा तेवढंच दिसतं. एखादी खरोखर वेगळ्या दिशेला तोंड करून असेल तर कारण शोधा, बहुधा मागूनही दोर बांधलेला असतो.

हलत्या होडीत बसून काढायचं तर रंगाचा नाद सोडा. सतराव्या शतकातला डच चित्रकार विलेम व्हॅन डे वेल्डे (1611–1693) लहान नौकेतून आरमाराबरोबर जाऊन चालू लढाई रेखाटायचा, काही चित्रांत त्याची ती नौकाही दिसते. त्याच नावाचा त्याचा मुलगा रंगवायचा. पुढे दोघे इंग्लंडला गेले आणि 1674 मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजानं दोघांना वर्षाला शंभर-शंभर पौंड बांधून दिले, बापाला लढाया रेखण्याचे, मुलाला त्या रंगवण्याचे. आपल्याला मुलगा नेमता येत नाही, म्हणून दोन्ही कामं वेळ तोडून करायची. पाण्यावर फक्त रेघ, आणि रंगाच्या जागी शब्द: "हिरवा, जुना, काठाकडे पांढुरका". घरी आल्यावर रंग. मळमळू लागलं तर वही ताबडतोब मिटा आणि क्षितिजाकडे बघा. खाली कागदाकडे बघत राहिलात तर पुढचं वर्णन करत नाही.

लिहिणं

पानाच्या डोक्यावर चार गोष्टी: वार-तारीख, तिथी, भरती-ओहोटी, वारा. सकाळी जमिनीवरून येणारा मतलई वारा, दुपारी समुद्रावरून येणारा खारा, मध्ये पडलेला. हे आधी कंटाळवाणं वाटतं. वर्षभरानंतर तीच नोंद सगळ्यात कामाची ठरते, कारण होडी त्या दिवशी तिथे का होती ते तिच्यातूनच कळतं.

नमुना म्हणून एक पान:

"कार्तिक वद्य चतुर्थी. भरती तीनच्या सुमारास. मतलई आठपर्यंत, मग वारा नाही. होडी आंब्याच्या खोडाची, वर एक फळी शिवलेली, लांबी 21 फूट. बाहेरून मासळीचं तेल, वास हातावर संध्याकाळपर्यंत. इंजिन मागून बसवलं, त्यासाठी मागची फळी कापली, कापलेली कड अजून पांढरी. म्हातारा म्हणतो, 'वल्ह्यान जाय तेव्हा ही गप असा. आता बडबडता.'"

यात "अथांग" नाही, "निळाशार" नाही, "लाटांचं संगीत" नाही. समुद्रावर लिहिताना विशेषणं फार लवकर हाताशी येतात. ती सगळी एका वेगळ्या पानावर लिहून टाका आणि ते पान फाडा. क्रियापद शोधा. दोर ताणला की कुरकुरतो, की घासतो, की गप्प असतो? पाणी फळीला कसं लागतं? बोलणं ऐकलं तसं लिहा, पुण्याच्या भाषेत आणू नका. दर गावात भागांची नावं बदलतात. दोन नावं मिळाली तर दोन्ही ठेवा, गावाच्या नावासह.

पक्का मजकूर त्याच रात्री लिहा. सकाळी आठवेल असं वाटतं, पण सकाळी फक्त चित्र आठवतं.

काही गोष्टी वहीत येऊ नयेत. कर्ज किती, कोणाचं कोणाशी पटत नाही, कोण रात्री कुठे जाळं टाकतो. लोक हे सांगतात, कारण तुम्ही त्यांच्या शेजारी बसता. वही जेट्टीवर सगळे चाळतात, हे ध्यानात ठेवा.

पैसे

आता पहिला प्रश्न. यावर घर चालत नाही. माझं पेन्शनवर चालतं. पारीला नौदलाचा पगार होता, व्हॅन डे वेल्ड्यांना राजाचे पौंड. दिवाळी अंक मानधन देतात, ते रंग आणि कागदाला पुरतं. होमस्टेवाले भिंतीसाठी चित्र मागतात, त्यांना सूर्यास्तच हवा असतो. मी देतो, फक्त त्यातली होडी मोजलेली असते. होडीमालकाला स्वतःच्या होडीचं चित्र हवं असतं, नवा रंग मारलेली आणि नाळेला हार घातलेली. तेही काढावं, आनंदानं काढावं. त्याच्या घरात ते देवघराशेजारी लागतं. एखादी नोकरी किंवा धंदा सांभाळून हे करा. उपाशी पोटी काढलेली होडी काही जास्त खरी होत नाही.

मूळ पानं विकू नका. प्रत विका. कोकणातल्या दमटपणात कागदाला बुरशी धरते, म्हणून वह्या कपाटात भिंतीला टेकवून ठेवायच्या नाहीत. पत्र्याच्या ट्रंकेत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि पावसाळा संपल्यावर एक दिवस वाऱ्यावर, सावलीत उघडून ठेवा. दर सहा महिन्यांनी पानं स्कॅन करा, फाइलचं नाव बंदर आणि तारीख. एक प्रत होडीमालकाला, एक तालुक्याच्या वाचनालयाला. मालकाच्या प्रतीवर मापं ठळक लिहा, दुरुस्तीला सुतार आला की तो ती मागून घेतो. सगळ्यांना दिसणाऱ्या प्रतीवर मालकाचा फोन नंबर घालू नका. आयएनडी-एमएचनं सुरू होणारा होडीचा नोंदणी क्रमांक पुरेसा आहे.